तावनोची स्वतःची लाइन

लेकीची डॉक्टरेटची जाहीर परीक्षा घरबसल्या इंटरनेटवरून टीव्हीवर बघायची आणि शेजारच्या रेइनोलाही बोलवायचं, असं तावनोनं ठरवून टाकलं. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे ओउलूच्या विद्यापीठापर्यंत गाडीनं जायला डॉक्टरांनी मनाई केली होती. (तो तरीही गेला असता, पण बायकोनं, इर्यानं, किल्ल्या लपवल्या.) लेक हेन्रीक्का म्हणजे अख्ख्या खानदानातली पहिली डॉक्टरेट, आणि विषयही बापाच्या धंद्यातला: माणसं बिघाड कसे शोधतात. असा सोहळा बापानं चुकवायचा? छे.

अडचण एवढीच, की घरातलं इंटरनेट अधूनमधून दगा द्यायचं. मोबाइलला बोलण्यापुरती रेंज, चित्राचं नाव नको. तावनो जन्मभर इलेक्ट्रिशियन. त्याच्या वायरिंगला नावं ठेवणारा अजून जन्माला यायचा होता, असं तो स्वतःच सांगायचा. तेव्हा दोष कंपनीचाच. त्यानं राउटर बदलून घेतला, केबल बदलायला लावली, फोनवरच्या पोरीला वीज म्हणजे काय ते सविस्तर समजावलं. तिनं वैतागून साहेबाला फोन दिला, तर त्यालाही समजावलं.

"सौना तापवला की जातं रे ते," इर्या विणता विणता म्हणाली. (सौना म्हणजे घरातली वाफेनं न्हायची खोली; तिकडे पाहुणचारही तिथेच.)

"सौनाचा आणि इंटरनेटचा काय संबंध? उद्या म्हणशील, बटाटे उकडले की टीव्ही बिघडतो."

"बरं बाबा, मी काही म्हणत नाही."

(इर्या काही म्हणत नाही म्हणाली की शहाण्यानं सावध व्हावं. तावनो झाला नाही.)

परीक्षेच्या दिवशी रेइनो फुलं घेऊन आला. तावनो सूट-टाय घालून तयारच होता. आज अशा मानाच्या दिवशी पाहुण्याला सौना नाही म्हणजे काय? काठी टेकत जाऊन त्यानं स्वतःच्या हातानं सौनाची विजेची भट्टी लावली आणि येऊन टीव्हीसमोर ऐटीत बसला. काळ्या पोशाखातली हेन्रीक्का उभी राहिली, तिनं परीक्षकांना अभिवादन केलं, आणि चित्र गेलं.

"गेलं," रेइनो म्हणाला.

तावनोनं राउटरचं बटण दाबून पाहिलं, दिवा लागेना; हाही राउटर खराब म्हणत कंपनीला चार शिव्या दिल्या, मग खुर्चीत बसकण मारली. "माझी पोरगी तिकडे बोलतेय, इर्या, आणि मी काळी काच बघतोय."

इर्यानं विणकाम बाजूला ठेवलं, जाऊन भट्टी बंद केली. चित्र परत आलं.

तावनो एकदा टीव्हीकडे, एकदा सौनाच्या दाराकडे बघत राहिला. भट्टी पेटली की घरावर भार नको म्हणून मागच्या खोलीतल्या हीटरची लाइन आपोआप बंद व्हावी, ही सोय त्याचीच. ऑपरेशननंतर पलंग मागच्या खोलीत हलवला, तेव्हा राउटरही तिथे नेऊन त्याच लाइनवर लावला होता, तोही त्यानंच.

"कुशल माणसालाच बिघाड सापडत नाही, असं एखादं उदाहरण?" पडद्यावर परीक्षक विचारत होते.

"आहे ना," हेन्रीक्का म्हणाली. "एक निवृत्त इलेक्ट्रिशियन. स्वतःच्या वायरिंगमुळे इंटरनेट जातं आणि महिनाभर कंपनीला शिकवतोय. घरच्यांनी एकदा कारण सांगितलं, ते त्यानं उडवून लावलं; मग अभ्यास पुरा होईपर्यंत पुन्हा सांगू नका अशी मी विनंती केली होती."

सभागृह खदखदून हसलं. रेइनोनं तोंड फुलांच्या आड नेलं. इर्या पुन्हा विणायला लागली.

तावनो मात्र ताठ बसला होता, डोळे भरून आलेले. "ऐकलंस रेइनो? माझं उदाहरण दिलं." मग त्याच्या कपाळाला आठी पडली. "पण नाव का नाही घेतलं? इर्या, फोन लाव तिला. सगळं काम माझं, आणि नाव गाळते म्हणजे काय?"