गेल्या मुंग्या, गेला चेंडू

"येत्या रविवारी चार वाजता सगळ्यांनी हजर राहायचं! या घरातला चाळीस वर्षांचा खटला मी एका मिनिटात निकालात काढतो!"

जावईबापूंनी ही घोषणा केली तेव्हा त्यांच्या एका हातात रिमोट होता आणि दुसरा कमरेवर. मागे सासरच्या भिंतीवर त्यांनीच भेट दिलेला नवा टीव्ही. तो एवढा मोठा होता, की त्याच्यासाठी घड्याळ, कॅलेंडर आणि सासरेबुवांचा निवृत्तीच्या समारंभातला फोटो अशा तिघांना भिंत सोडावी लागली होती.

"यात माणसाच्या डोक्यावरचे केस मोजता येतात," जावईबापू म्हणाले.

"मोजा," सासरेबुवा टकलावरून हात फिरवत म्हणाले.

खरं सांगायचं तर या घरात जावईबापूंची पत यथातथाच होती. त्यांनी दुरुस्त केल्यापासून दारावरची बेल नळ सोडला की वाजायची. घरात काही बिघडलं, तर आधी ती वस्तू जावईबापूंच्या नजरेआड ठेवायची असा सासूबाईंचा दंडकच होता. म्हणूनच या खटल्यावर त्यांची सगळी भिस्त होती. एकदा का हा निकाल लावला, की सासरेबुवा चारचौघांत म्हणणार, "आमचे जावई म्हणजे काय, बोलायचं काम नाही!"

आता खटला काय ते ऐका. सासरेबुवा आणि त्यांचे जिवलग दोस्त डावखुरे काका तरुणपणी एकाच विम्याच्या कचेरीत होते. कचेरीच्या टेबल टेनिस स्पर्धेत अंतिम सामना या दोघांतच झाला. गुण बरोबरीत आले. तेवढ्यात साहेबांना मीटिंग आठवली आणि पुढचा पॉइंट घेईल तो जिंकला, असं ठरलं. सासरेबुवांनी फटका मारला. तो चेंडू टेबलाच्या कडेला लागून गेला असेल तर सासरेबुवा जिंकले, न लागता गेला असेल तर काका. पंचांनी सासरेबुवांच्या बाजूने निकाल दिला. पंच कोण? कचेरीतल्या टायपिस्ट बाई! आणि पुढच्याच वर्षी या बाई सासरेबुवांशी लग्न करून मोकळ्या झाल्या.

"आधी कप दिला, मग हात दिला! याला निकाल म्हणतात की साखरपुडा?" काका विचारायचे. दर रविवारी विचारायचे.

साहेबांनी आपल्या नव्या कॅमेऱ्यावर शिपायाकडून हा सामना चित्रित करून घेतला होता. त्या रिळाची पुढे कॅसेट झाली, कॅसेटची तबकडी झाली, आणि प्रत्येक वेळी चित्रावरचे दाणे वाढत गेले. घरात त्यांना मुंग्या म्हणत. दर रविवारी काका यायचे, तबकडी लागायची, शेवटचा पॉइंट दहा-दहा वेळा मागेपुढे व्हायचा आणि त्या वळवळत्या मुंग्यांमध्ये एकाला कडेला लागलेला चेंडू दिसायचा, दुसऱ्याला न लागलेला. मनसोक्त भांडण व्हायचं. मग चहा. मग काका घरी जायचे.

जावईबापूंनी कपाटातून मूळ रीळ काढलं, एका स्टुडिओतून त्याची नवी, झकास फाईल करून आणली आणि आपल्या संगणकावर उघडली. बघतात तो काय, मुंग्या तशाच! उलट मोठ्या पडद्यावर त्या चांगल्या धष्टपुष्ट झालेल्या!

"अगं, ह्याचं सॉफ्टवेअर असतं. मुंग्या वेचून काढतं," ते बायकोला म्हणाले.

"काढताना शेवटपर्यंत बघ म्हणजे झालं. तुझं सगळं अर्ध्यावरच ठीक असतं."

सफाईची पट्टी सरकवायची होती. कमी, मध्यम, जास्त. जावईबापूंना मध्यम कधी जमलेलं नाही. त्यांनी ती पार टोकाला नेली, पहिलं एक मिनिट पाहिलं, त्यात साहेब भाषण करताना आरशासारखे लख्ख दिसले, आणि बहाद्दरांनी बाकीचं न बघताच रविवारचं निमंत्रण पक्कं केलं.

रविवार उजाडला. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. सासरेबुवांनी स्पर्धेचा कप पुसून टीव्हीखाली ठेवला. सासूबाई मात्र स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या राहिल्या.

"लावा!"

पडदा उजळला. साहेबांचं भाषण. वा! टाळ्या! मग दोन्ही खेळाडू आले. चेहरे असे गुळगुळीत, की जणू सोललेल्या बटाट्यांवर कुणीतरी नाक-डोळे रेखाटलेत.

"माझी मिशी कुठाय?" सासरेबुवा म्हणाले.

"बारीक होती. मुंग्यांबरोबर गेली असेल," जावईबापूंनी सावरून घेतलं.

सामना सुरू झाला. सासरेबुवांनी हात फिरवला. काकांनी उडी मारली. सासरेबुवा डावीकडे धावले, काका उजवीकडे झेपावले. दोघंही जीव तोडून हवेत बॅटी हाणत होते, टेबलावरून वाकत होते, घाम पुसत होते.

शेवटी काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "जावईबापू, चेंडू कुठाय?"

चेंडू नव्हता! सबंध सामन्यात कुठेही चेंडू नव्हता! क्षणात दिसणारा आणि क्षणात नाहीसा होणारा प्रत्येक पांढरा ठिपका त्या इमानी सॉफ्टवेअरने कचरा समजून झाडून काढला होता. पडद्यावरचे दोन शहाणे इसम भरल्या कचेरीसमोर माश्या मारत होते आणि प्रेक्षक त्यावर टाळ्या पिटत होते.

"आलं लक्षात!" काका उठले. "पुरावा नष्ट केलात! सासऱ्याचं बिंग फुटू नये म्हणून चेंडूच गायब!"

"माझं बिंग?" सासरेबुवा कडाडले. "तूच फितवलंस याला! चेंडू कडेला लागलेला स्पष्ट दिसला असता, म्हणून तूच पुसायला लावलास!"

"अहो, मी कुणाच्याच बाजूने..." जावईबापू म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा!" दोघं एकदम म्हणाले. त्या दिवशी त्यांचं एकमत झालं ते एवढंच.

शब्दाने शब्द वाढला. काकांनी छत्री उचलली. "चाळीस वर्षं हरलो म्हणून येत होतो. आता चोर ठरवलंत. पुन्हा या घराची पायरी चढणार नाही!"

"नको चढूस! पायऱ्या तरी झिजायच्या थांबतील!"

काका चहा न घेता गेले. असं आजवर कधीच झालं नव्हतं. त्यांचा कप ट्रेमध्ये तसाच गार झाला.

पुढच्या रविवारी चारला बेल वाजली. सासरेबुवा ताडकन उठले. पण ती नळामुळे वाजली होती. ते परत खुर्चीत बसले आणि बंद टीव्हीकडे बघत राहिले. त्यात त्यांना त्यांचंच प्रतिबिंब दिसत होतं, तेही अगदी स्पष्ट. जावईबापूंना फार वाईट वाटलं. करायला गेलो काय आणि करून बसलो काय! कौतुक राहिलं बाजूला, म्हाताऱ्याचा एकुलता एक दोस्त घालवला.

"चेंडू परत आणा," सासूबाई हळूच म्हणाल्या. "नाहीतर पुढल्या रविवारी तुम्ही इथे बसा त्यांच्याशी भांडायला."

जावईबापूंनी आठवडाभर घाम गाळला. या वेळी सॉफ्टवेअरवर विसंबले नाहीत. चेंडूला हात न लावता भोवतालच्या मुंग्या चित्रागणिक स्वतः टिपून काढल्या. शनिवारी दुपारी काम संपलं आणि शेवटचा पॉइंट पडद्यावर आला. चित्र असं नितळ, की कचेरीच्या भिंतीचे पोपडेही दिसावेत. जावईबापूंनी चित्र थांबवलं. पाहिलं. पुन्हा पाहिलं. आणि फोन करून सासूबाईंना एकट्यानेच यायला सांगितलं.

"हे बघा. चेंडू कडेपासून चांगला चार बोटं लांबून गेलाय. काका जिंकले होते!"

"अगं बाई!"

"आणि हे बघा. नेटजवळ स्टुलावर बसलेले पंच."

सासूबाईंनी पाहिलं. तरुण टायपिस्ट बाई, मान एका बाजूला कललेली, तोंड किंचित उघडं, डोळे गच्च मिटलेले. मुंग्यांच्या गर्दीत इतकी वर्षं ते डोळे नुसते दोन काळे ठिपके होते.

"सासूबाई, तुम्ही झोपला होतात?"

"महिनाअखेरीचं टायपिंग होतं हो! बोटं मोडून गेली होती!"

"मग निकाल दिलात कसा?"

"टाळ्यांनी जाग आली. समोर हे उभे, दोन्ही हात वर करून. मला वाटलं, जिंकले!"

जावईबापूंनी सासरेबुवांचा चेहरा मोठा करून दाखवला. "हा जिंकलेल्या माणसाचा चेहरा आहे?"

"नाही," सासूबाईंनी कबूल केलं. "विजेचं बिल आल्यावर असाच होतो."

मग सासूबाई पदर सावरून म्हणाल्या, "मुंग्या परत घाला."

"अहो, पण सत्य..."

"सत्य घेऊन काय करायचंय? काका जिंकले तर येतील कशाला? जिंकलेला माणूस घरी बसतो, जावईबापू. आणि हरलेले हे कुणाला तोंड दाखवणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. घाला मुंग्या. चांगल्या मूठभर जास्तच घाला."

आणि आयुष्यात पहिल्यांदाच, चांगलं केलेलं काम जावईबापूंनी स्वतःच्या हाताने बिघडवलं.

सासूबाई जातीने काकांना बोलावून आल्या. "चेंडू सापडलाय," एवढंच म्हणाल्या. काका छत्री न घेताच निघाले.

पडदा उजळला. मुंग्याच मुंग्या! मुंग्या घालायची पट्टीही जावईबापूंनी टोकालाच नेली होती. त्या गर्दीत दोन आकृत्या नाचत होत्या आणि एक ठिपका असल्यासारखा वाटत होता.

"तो बघ! गेला बाहेरून! लागला नाही!" काका ओरडले.

"डोळे फुटले का तुझे? ती मुंगी! चेंडू हा इकडे! कडेला लागला!"

"तुझी मिशी आली परत, पण अक्कल नाही आली!"

दोघांचे चेहरे कसे फुलले होते! मागे घ्या, पुढे घ्या, थांबवा, पुन्हा मागे घ्या! जावईबापूंचा अंगठा दुखायला लागला. चांगला तासभर भांडण रंगल्यावर दोघं दमले आणि मग दोघांनीही मोर्चा जावईबापूंकडे वळवला.

"काय हो, एवढा भिंतभर टीव्ही आणला, आणि चित्र हे असलं?" सासरेबुवा म्हणाले.

"जुन्या तबकडीवर बरं दिसायचं," काकांनी दुजोरा दिला. "जावईबापू, राग मानू नका, पण या कामात तुम्हाला गती नाही. पुढच्या रविवारी मी आलो की जुनीच लावा."

जावईबापूंच्या जिभेवर सगळं आलं. चार बोटं, मिटलेले डोळे, सगळं! खरं चित्र त्यांच्या खिशातल्या पेन ड्राइव्हवर होतं. त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात सासूबाईंनी त्यांच्या हातात चहाचा कप दिला. दुसरा दिला काकांना.

"तुम्ही दोघं किती वर्षं तेच तेच उगाळणार?" त्या खुर्ची ओढून बसत म्हणाल्या. "मी पंच होते ना? नेटजवळ बसले होते. या माझ्या दोन डोळ्यांनी, नीट उघडे ठेवून, पाहिलंय मी!"

आणि जावईबापूंना असा ठसका लागला, की सगळा चहा त्या नव्या टीव्हीवर उडाला.