सामना वाढला

परब मास्तरांना 'हरणे' हे क्रियापद चालवता येत नसे. मी त्यांच्याच शाळेत मराठी शिकवायचो, म्हणून मला हे जरा जास्तच खुपायचे. पोरे आचऱ्याहून हुतूतूत सडकून मार खाऊन परतली की हे आमचे ड्रिलमास्तर फळ्यावर खडूने लिहीत, 'आचऱ्याचा सामना वाढला.'

आमच्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. मंगळसूत्र तुटत नाही, वाढते. अशुभ शब्द तोंडी येऊ नये म्हणून बायकांनी केलेली ही सोय परब मास्तरांनी थेट मैदानावर नेली. सहा फुटी माणूस, घरी एकटा, खाकी चड्डी, गळ्यात शिटी, आणि भाषा माजघरातली! एकदा मी चिडून म्हटले, "अहो, सरळ हरलो म्हणा की!"

"तुमचा काय जाता म्हणूक?" ते म्हणाले. "हरलो म्हटल्यार पोरांका घराकडे मार गावता. सामनो वाढलो म्हटल्यार बापाशीक वाटता, खेळ आजून चालू आसा. पोरगो गपचूप जेवता."

मला हे पटले. पण शाळेच्या चेअरमनना हे कोण समजावणार? गृहस्थ आमच्याच गावचे, मुंबईत व्यापारात स्थिरावलेले. ढाली ठेवायला म्हणून त्यांनी शाळेला एक काचेचे कपाट दिले होते, आणि ते रिकामे दिसले की त्यांचे पित्त खवळे. एका वर्षी मास्तरांनी त्यांना कार्ड टाकले, 'ढालीचा सामना वाढला.' मुंबईत राहून गावची रीत विसरलेल्या ह्या माणसाची उलट तार आली, 'कितीही वाढू दे. जिंकूनच थांबा.' आम्ही शिक्षकांच्या खोलीत आठवडाभर हसत होतो. खरा अर्थ कळल्यावर चेअरमन मात्र हसले नाहीत. 'पुढल्या वर्षी मी स्वतः येतो. ढाल हवी, नाहीतर मास्तर नवा,' असे त्यांनी लिहून पाठवले.

माझे डोके तेव्हापासून तापलेले आहे. शाळा काढली कशासाठी, पोरांसाठी की कपाटासाठी?

पुढल्या वर्षी ते खरेच आले. ढालीचा सामना शिरोड्याच्या पोरांशी होता. चेअरमन खुर्चीत, गळ्यात हार. मध्यंतराच्या सुमारास आम्ही दोन गुणांनी पुढे होतो, तेवढ्यात आमचा हुकमी गडी गणपत पकडीत सापडला आणि त्याचा घोटा नारळाएवढा सुजला. मास्तरांनी त्याला बाहेर बसवले. चेअरमन ताडकन उठून आले.

"पट्टी बांधा आणि उतरवा. पंधरा मिनिटांत काय मरतोय तो?"

"साहेब, पाय कायमचा जाईल," मास्तर म्हणाले.

"आणि ढाल जाईल त्याचे काय?"

तिथे मास्तरांची पुस्तकी मराठी संपली. "ढाल जाव दी खड्ड्यात! बापूस नाय तेका. ह्याच पायांर उबो ऱ्हवान तो रापणीच्या जाळ्याचो दोर ओढता, तेव्हा घरात पेज शिजता. तो पाय काय तुमच्या कपाटात ठेवतलास?"

 गणपत रडत "माका खेळूक दिया" म्हणत होता, मास्तरांनी त्याला खांदे धरून खाली बसवले. एका गुणाने आम्ही हरलो. होय, हरलो, मी तसेच म्हणतो. चेअरमननी साऱ्या गावादेखत सांगून टाकले, "जूनपासून येऊ नका." आम्ही सगळे शिक्षक तिथेच उभे होतो. एकानेही तोंड उघडले नाही. त्यात मीही होतो, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एक सणसणीत तक्रारअर्ज खरडला आणि मास्तरांची सही घ्यायला त्यांना शोधत निघालो. ते गणपतच्या खोपटात सापडले. जमिनीवर मांडी घालून बसले होते, त्याचा पाय मांडीवर घेऊन निरगुडीच्या पाल्याने शेकत होते. इतक्यात गणपतची आई मासे विकून परतली. मास्तरांच्या मांडीवर लेकाचा पाय पाहताच टोपली दारात टाकून ती ओरडली, "मास्तरानू, सोडा तो पाय! पाप लागात आमका!"

मास्तरांनी मान वर केली नाही.

"शेकूक दी गो बाय," ते म्हणाले. "माझ्या घरात दुखूक कोणाचो पाय आसा?"