निळ्या मुंडीची बाटली

"अरे, रिकामी झाली म्हणजे मेली का ती? अजून श्वास आहे तिच्यात!"

चाळीस वर्षांपूर्वी इस्त्रीच्या दुकानात बसून आत्या असं म्हणायची आणि फवाऱ्याची जुनी बाटली कानाजवळ दाबून दाखवायची. फुस्स! आत्या गेली, दुकानही गेलं. ते फुस्स मात्र जावईबापूंच्या कानात कायमचं मुक्कामाला राहिलं. (त्यांना जावईबापूच म्हणू या. या गोष्टीत त्यांना दुसरी पदवी नाही.)

तेव्हापासून त्यांनी फवाऱ्याची एकही बाटली टाकली नाही. झाडांची, आरशांची, केसांवर मारायची, सगळ्या बाटल्या गरम पाण्यानं तीनदा धुवायच्या, गॅलरीत उलट्या वाळवायच्या आणि मोठ्या कॅनमधून आणलेली गाडीची औषधं त्यांत भरायची. काच पुसायचं पाणी, टायरचं तेल, रंगावर चढवायचं दुधासारखं मेण आणि आत मारायचं सुगंधी पाणी.

"चिठ्ठ्या चिकटवा की हो त्यांना," बायको म्हणायची.

"चिठ्ठ्या भिजतात, गळून पडतात! आपली पद्धत बघ. खूण वरच्या फवाऱ्याच्या मुंडीची. निळी मुंडी काचेला, काळी टायरला, पांढरी मेणाला, लाल वासाला. खालची बाटली कुठल्या का रंगाची असेना, आपण फक्त मुंडी बघायची. डोळे मिटून काम करीन मी!"

पद्धत अचूक होती. अख्ख्या जगात ती एकाच माणसाला कळलेली होती, एवढीच काय ती खोट.

त्या रविवारी सकाळी दोन गल्ल्या पलीकडे राहणारे सासरे गाडी घेऊन दारात आले. बाबा म्हणजे पस्तीस वर्षं बस चालवलेला माणूस. निवृत्त झाल्यावर घेतलेल्या गाडीला त्यांनी स्वतःशिवाय कुणाचा हात लागू दिला नव्हता. बावीस वर्षांत जावयाबद्दल त्यांच्या तोंडून एकच चांगला शब्द निघाला होता, तोही लग्न ठरताना. "उंच आहे."

आज सासूबाईंना घेऊन ते दोनशे किलोमीटरवर बहिणीकडे निघाले होते. जिना चढण्याआधी त्यांनी किल्ली पुढे केली. "जावईबापू, समोरची काच जरा पुसून ठेवा. तोवर आम्ही चहा घेतो."

जावईबापूंनी ओंजळ पुढे केली. राजानं राज्य हाती द्यावं तशी ती किल्ली तळहातावर पडली. आज ही काच अशी चमकवायची की बाबांच्या तोंडून दुसरा शब्द निघालाच पाहिजे!

निळी मुंडी उचलली. फुस्स! पांढरं काहीतरी काचेवर पसरलं.

"वा, आज फेसही येतोय!" ते खूश झाले आणि फडक्यानं गोल गोल फिरवत, मनातल्या मनात गात, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारवून काढलं.

मग ऊन आलं. ओल वाळली. आणि काचेवर ढग उतरला! पहाटेचं सगळं धुकं वाट चुकून बॉनेटवर येऊन बसावं, तसा. आतलं स्टिअरिंग दिसेना. जावईबापू फडकं हातात धरून बघतच राहिले.

"अगं ए! लवकर खाली ये!"

बायको धावत आली. "अगंबाई! हे काय केलंत?"

"मी निळी मुंडीच मारली!"

"मुंड्या होय? त्या मी काल धुतल्या. सगळ्या तुंबल्या होत्या. मग रंग जुळवून बसवल्या. निळ्या बाटलीला निळी, लाल बाटलीला लाल. किती छान दिसतायत बघा!"

"अगं, मग काचेचं पाणी कुठल्या बाटलीत आहे?"

"भरलं तुम्ही आणि विचारता मला?"

जावईबापूंनी बोटांवर हिशेब केला, कपाळाला हात लावला, आणि लाल मुंडी उचलली. फुस्स! टायरचं तेल! त्यांनी घाईघाईनं पुसलं, आणि ढगावर इंद्रधनुष्य चढलं. दुधावर जांभळी साय, तिच्यावर हिरव्या-सोनेरी लाटा. नवराबायको गाडीत शिरून आतून बघू लागले. पलीकडच्या दोरीवरचे कपडे फुलांसारखे उमलले होते. एक सायकलवाला माशासारखा अलगद तरंगत गेला. साधी, रोजची गल्ली, पण जणू कुणी नुकतीच स्वप्नातून उचलून आणलेली.

"सुंदर आहे हो," बायको हळूच म्हणाली.

"आहे खरी. पण बाबा मारतील."

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. दोघं धडपडत बाहेर आले. जावईबापू तिसरी बाटली शोधतायत तोवर बाबा आत बसलेसुद्धा. किल्ली फिरली.

"बाबा, थांबा! ती काच..."

बाबांनी समोर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"छान पुसलीत," बाबा म्हणाले. "एकदम स्वच्छ."

बावीस वर्षांनी दुसरा शब्द! जावईबापू क्षणभर वीतभर वाढले. मग त्यांनी काचेकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि वाढले होते त्याच्या दुप्पट खचले.

बायको गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिली. दोन्ही हात वर करून हलवू लागली. "बाबा, मी काय करतेय?"

"काय करणार? उभी आहेस."

"कुठे?"

बाबांनी मान पुढे काढली, डोळे बारीक केले.

सासूबाई शेजारच्या सीटवर बसल्या. समोरच्या पांढऱ्या पडद्याकडे त्यांनी नीट पाहिलं, मग नवऱ्याकडे. हात लांबवून त्यांनी किल्ली काढून घेतली. इंजिन थांबलं.

"अहो," त्या एवढंच म्हणाल्या.

बाबांचे हात स्टिअरिंगवरून मांडीवर उतरले.

"दीड वर्ष झालं. मला सगळं असंच दिसतं. इथले रस्ते पाठ आहेत, म्हणून निभावलं. आज लांब जायचं होतं. म्हटलं, काचच मळली असेल, म्हणून तर पुसायला दिली." ते जावयाकडे वळले, म्हणजे जावई असावा अशा बाजूला. "डॉक्टर म्हणतात, मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करा. भरल्या बसनं घाट उतरलोय मी, कधी हात थरथरला नाही. पण त्या टेबलावर झोपायची मला भीती वाटते हो, जावईबापू."