एसेनबेकच्या अंगणातला पांढरा तंबू

"हा रोग माझा उंबरा ओलांडणार नाही!" सायकालनं कमरेवर हात ठेवून जाहीर केलं. "ओलांडून बघू दे, तंगडी मोडून हातात देईन!"

एसेनबेकनं मान डोलावली. लग्नाला इतकी वर्षं झाली की माणूस कशालाही मान डोलावतो. शिवाय बायकोचं काही चुकत नव्हतं. त्याच्या पोटात थोरल्या बहिणीनं, बात्मा अक्कानं दिलेलं मूत्रपिंड होतं. हा पाहुणा रुसून बसू नये म्हणून तो रोज मूठभर गोळ्या गिळायचा, आणि त्या गोळ्यांनी अंगातली सगळी राखणदार फौज झोपवून टाकली होती. डॉक्टर म्हणाले होते, "इतरांना हा रोग झाला तर ते आजारी पडतील. तुम्हाला झाला, तर..." आणि पुढचं वाक्य त्यांनी खिडकीबाहेर बघत गिळून टाकलं होतं.

तेव्हापासून सायकालनं घराचा किल्ला केला. बटाटे साबणानं आंघोळ करू लागले. रोट्या कपड्यांच्या दोरीवर उन्हात लटकू लागल्या. मांजर बाहेरून आलं की त्याचे चारही पाय धुतले जात. शेवटी ते कंटाळून घर सोडून गेलं. दारात आलेल्या माणसाला रोटीचा तुकडा मोडायला न देता परत पाठवणं म्हणजे डोंगराळ नारीन भागात शिवी दिल्यासारखं! सायकालनं त्यावरही तोड काढली. तंदूरमध्ये घालायच्या लांब दांड्याच्या फावड्यावर रोटी ठेवायची आणि भिंतीवरून पुढं करायची. पाहुण्यानं तुकडा मोडायचा, दुवा द्यायचा आणि चालू पडायचं.

बाहेर दिवसही तसेच होते. त्या जुलैत गल्लीत कुत्रीसुद्धा भुंकायची विसरली होती. रुग्णवाहिका कर्णा न वाजवता यायच्या. वाजवायचा कुणासाठी, रस्ता रिकामाच! आणि पावसानंतर कुत्र्याच्या छत्र्या उगवाव्यात तसे अंगणाअंगणातून पांढरे तंबू उगवत होते. माणूस गेला की अंगणात नमद्याचा, लोकर थापून केलेल्या जाड कापडाचा, गोल तंबू उभा करायचा, आत पडद्यामागं त्याला निजवायचं, बायकांनी आत बसून विलाप गायचा, पुरुषांनी बाहेर काठीवर कपाळ टेकून रडायचं. तंबू दिसला की गल्लीनं काय ते समजायचं. विचारायचं मात्र नाही. मरणाची बातमी तोंडावर कुणी विचारत नाही, कुणी सांगतही नाही.

अडचण घरातूनच उभी राहिली. मुलगा मिर्लान रुग्णवाहिका चालवायचा. दिवसभर रोगाच्या मांडीला मांडी लावून बसायचा आणि झोपायला घरी यायचा. घराला खोल्या दोन, दार एक.

"आपला उन्हाळ्यात डोंगरावर कुरणात न्यायचा तंबू आहे की!" सायकालला सुचलं. "यंदा वर गेलोच नाही. गोठ्यात धूळ खातोय. मागच्या अंगणात उभा करू, तुम्ही त्यात राहा."

"अगं, पण लोक काय समजतील?"

"लोकांना डोळे नाहीत का? गेलेल्याचा तंबू पुढच्या अंगणात असतो. आपला मागं, बटाट्याच्या वाफ्यात. गेलेल्या माणसाला कुणी बटाट्यात ठेवतं?"

एसेनबेकनं मान डोलावली.

मिर्लाननं छताचं गोल लाकडी कडं खांबावर उचललं, नमदे आवळले आणि तो कामावर गेला. वारा लागू नये म्हणून सायकालनं आत पडदा टांगला. जंतू मरावेत म्हणून जुनिपरची फांदी पेटवून धूर केला. मागचं अंगण हे आपल्या दृष्टीनं मागं. पलीकडच्या गल्लीच्या दृष्टीनं तेच पुढं असतं, एवढी एकच गोष्ट ती बाई विसरली. भिंतीच्या वर हातभर पांढरा घुमट, त्यातून धूर, आत पडदा. पलीकडच्या उपालाय काकूनं खिडकीतून पाहिलं, तोंडावर पदर घेतला आणि जिकडंतिकडं फोन लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या गावाहून एसेनबेकच्या थोरल्या भावाचा, शार्शेनदादांचा फोन आला.

"सायकाल, तंबू उभा केलास?"

"केला की, भावजी."

"पांढरा?"

"पांढराच. रंगीत कुठून आणू?"

पलीकडून लोहाराच्या भात्यासारखा आवाज आला आणि फोन बंद झाला.

"भावजींना सर्दी झालेली दिसते," सायकाल म्हणाली, आणि तिनं फोनही स्पिरिटनं पुसून घेतला!

दुपारी ती एसेनबेकच्या गोळ्यांसाठी औषधाच्या दुकानापुढं रांगेत उभी राहायला गेली. एसेनबेक पडद्याआड पडला होता. दवाखान्यातला पांढरा झगा, तोंडाला मास्क, डोळ्यांपुढं प्लॅस्टिकचा पडदा, हातांत निळे रबरी मोजे: हा बायकोनं ठरवलेला पोशाख. धुराच्या वासानं त्याचा डोळा लागला.

जाग आली ती एका आवाजानं. लांबून, नदीकडून.

"अरे माझ्या काळजाऽऽ!"

गेलं वाटतं कुणी, एसेनबेकच्या मनात आलं. त्यानं पडल्यापडल्या दोन्ही हात पसरून त्या अनोळखी जिवासाठी खुदायकडं दया मागितली. आवाज जवळ आला. शिंप्याच्या घरी असेल का? शिंप्याचं घर मागं पडलं. मास्तरांकडं? तेही मागं पडलं. आता अनेक गळे होते. मग फाटक करकरलं. आपलंच फाटक!

"एसेनबेक रेऽऽ! माझ्या काळजाऽऽ!"

एसेनबेकच्या पायांपासून डोक्यापर्यंत गार पाणी चढत गेलं. चहूकडं पांढरा नमदा. वरून गोल, धुरकट उजेड. कानांत आपलंच नाव. गोळी घेतली, झोपलो, उठलो... उठलो ना? त्यानं मनगटावर बोट ठेवलं. नाडी लागेना! हातात रबरी मोजे आहेत, म्हणून लागत नाही, हे ध्यानात यायला त्याला बराच वेळ गेला. तेवढ्यात तंबूचं दार उघडलं. घागऱ्यांची सळसळ आत आली. पडद्यावर काळ्या सावल्या एकामागून एक खाली बसल्या, पाठमोऱ्या. आणि बात्मा अक्काचा आवाज उठला.

"पोटच्या जोडीतलं एक, दिलं होतं भाऊराया,
तेही नेलंस रे संगं, अर्धी माझी नेली काया!
अर्धी चुलीपाशी बसे, अर्धी चालली मातीत,
सांग कुठल्या अर्धीनं रडू आता मी रातीत?"

काय तो गळा! विलापात अक्काचा हात धरणारं अख्ख्या नारीनमध्ये कुणी नव्हतं. एसेनबेकला वाटलं, इतकं गोड आपल्यासाठी कुणी गात असेल, तर आपण गेलेलं बरं. डोळ्यांतून पाणी आलं. देह हलका झाला, वरच्या कड्यातून निसटून जाईल इतका हलका. चला, जाऊ या आता...

आणि अक्का खोकली!

खर्रखर्र, छातीच्या तळापासून खोकली. एसेनबेकचं काळीज धाडकन आपटलं. मेलेल्या माणसाला खोकल्याची भीती वाटत नाही. त्याला वाटली होती. म्हणजे तो जिवंत होता! पण आणखी किती वेळ? हाक मारावी, तर अक्का पडदा फाडून गळ्यात पडणार. गप्प राहावं, तर घटकाभरात आंघोळ घालणारे आत येणार. अक्का पुन्हा खोकली. त्यानं श्वास कोंडला, मागचा नमदा जमिनीपासून उचलला आणि पोटावर सरपटत तो बटाट्याच्या वाफ्यात शिरला.

अंगणात पुरुष रांगेनं उभे होते. काठीवर कपाळ, डोळे मिटलेले, रडण्याचा एक सूर. त्यातल्या एकानं डोळा उघडला. समोर बटाट्याच्या पाल्यातून मातीनं माखलेलं पांढरं काहीतरी वर येत होतं. त्याला तोंड नव्हतं, आणि हात निळे होते!

"लांब व्हा!" एसेनबेक ओरडला. मास्कमधून बाहेर पडलं ते "होऽऽ हाऽऽ!"

मग जे झालं ते काय सांगावं! काठ्या पडल्या, टोप्या उडाल्या, कुणी भिंतीवरून गेला, कुणी भिंतीसकट. मयताच्या जेवणाला कापायला आणलेली घोडी दावं तोडून सुटली आणि सगळ्यांच्या पुढं निघून गेली. उरले एकटे शार्शेनदादा. धीर होता म्हणून नव्हे, गुडघे चालेनात म्हणून!

"एसेन," दादा म्हणाले, "काय राहिलं रे तुझं? सांग. सुटशील."

"दादा, मी मेलो नाही! मागं सरका!"

"सुरुवातीला सगळ्यांना तसंच वाटतं, बाळा."

"अहो, जिवंत आहे मी!"

"असू दे, असू दे," दादा समजुतीनं म्हणाले. "घाबरू नकोस. तिकडं आपली आई भेटेल."

तेवढ्यात सायकाल गोळ्यांची पिशवी घेऊन फाटकात आली. "माझा वाफा कुणी तुडवला?" ही तिची पहिली गर्जना. दुसऱ्या क्षणी सगळा प्रकार तिच्या ध्यानात आला. तिनं घरातून रोटी काढली, फावड्यावर ठेवली आणि लांबूनच नवऱ्यापुढं धरली. "खा! मेलेला माणूस रोटी खात नाही, हे तरी मान्य आहे ना भावजी?"

एसेनबेकनं मास्क खाली करून घास मोडला. दादा त्याच्या गळ्याकडं टक लावून होते.

"गिळला!" दादा ओरडले.

भिंतीमागून एकेक डोकं वर आलं. "गिळला? खरंच?"

"दुसरा घास बघू!" एक डोकं म्हणालं. एसेनबेकला अख्खी रोटी संपवावी लागली!

आणि मग तंबूतून अक्का धावली, दोन्ही हात पसरून. सायकालनं फावडं तिच्या छातीपुढं आडवं धरलं.

"वन्सं! तिथंच!"

"माझ्या पोटचा तुकडा त्याच्यात आहे, आणि मलाच अडवतेस?"

"म्हणूनच अडवते! तो तुकडा वाचवायला नको?"

अक्काचे हात खाली आले. तिनं पदर तोंडावर घट्ट ओढला, मागं वळली आणि फाटकाबाहेर गेली. जाताना बाकीच्यांनाही तिनंच हाकललं.

पुढं बरेच दिवस सायकाल तासातासाला नवऱ्याला थर्मामीटर लावत राहिली. अक्का तिच्या घरी तापानं पडली आणि उठलीही. एसेनबेकला ताप चढला नाही. खुदायची दया म्हणा, की बायकोनं टांगलेला जाड पडदा म्हणा!

पण त्या संध्याकाळी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एसेनबेक तंबूच्या दारात बसून एकेक श्वास तपासत होता. धुकं उतरलं होतं. भिंतीपलीकडून हाक आली.

"एसेन, विलाप अर्धा राहिलाय."

"राहू दे, अक्का. घरी जा."

"अर्धा सोडला तर तो दुसरं माणूस मागतो. आजी म्हणायची." मग तीच सांगू लागली. "आजचा नाही तो. ऑपरेशनच्या वेळी बांधला होता. तुला आत नेलं, मलाही नेलं. भूल चढेपर्यंत कडवी जुळवत होते."

एसेनबेकचा हात आपसूक पोटावर गेला.

"गा," तो म्हणाला.

ती गाऊ लागली. गल्लीतल्या दुसऱ्या एका तंबूत खऱ्याखुऱ्या मरणाचं रडणं चाललं होतं, तेही थांबलं. त्या बायकाही ऐकू लागल्या असाव्यात. धुक्यात ना भिंत दिसत होती, ना अक्का. जिवंत कोण नि गेलेलं कोण, काही कळेना असा तो सूर. एसेनबेकनं डोळे मिटले. अक्का त्याच्या तरुणपणावर आली, कुरणावर आली, काळ्या घोड्यावर बसून तो डोंगर उतरतोय, त्या कडव्यावर आली...

"अक्का," एसेनबेक हळूच म्हणाला, "घोडा तांबडा होता."

सूर तुटला.

"गप्प पड!" धुक्यातून अक्का कडाडली. "मेलेल्या माणसानं मध्ये बोलायचं नसतं!"