शंभर टक्के उगवण

बियाण्याच्या पिशवीवर अख्ख्या जानेफळात सगळ्यात कमी भरवसा कुणाचा, तर शेषरावांचा. कंपनीने काहीही छापो, ते सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळत आणि किती उगवले ते पाहूनच पेरत. बिस्किटाच्या पुड्यावर मात्र त्यांची अपार श्रद्धा. डॉक्टरांनी दम भरला होता, सोमवारपर्यंत रक्तातली साखर उतरली नाही तर रोज पोटात सुई. सुईच्या नुसत्या नावाने शेषरावांना घाम फुटे. म्हणून त्यांनी ‘साखर शून्य! मधुमेहींचा मित्र!’ असे छापलेली बिस्किटे आणली आणि या मित्राला ते दिवसातून चारदा भेटू लागले.

“अवो, लय गोड लागून राह्यले हे,” त्यांच्या पत्नी सुभद्राबाई तुकडा चाखून म्हणाल्या.

“गोड लागू दे. साखर नाई त्याच्यात. छापेल हाये ना!”

“पिशवीवरचं छापेल खोटं अन् पुड्यावरचं खरं? काऊन?”

शेषराव इरेस पेटले. पुड्यावर ‘नऊ जिवंत धान्यांची ताकद’ असेही होते. “जिवंत हाये म्हनते ना? मंग उगवलंच पाह्यजे! आन गोणपाट!”

दहा बिस्किटे ओळीने मांडली, पाणी शिंपडले, गुंडाळी कोपऱ्यात ठेवली. तिसऱ्या दिवशी साक्षीदार म्हणून दुकानदार खुर्शीदभाईंना बोलावले. गुंडाळी उघडली, तर बिस्किटे दिसेचनात. प्रत्येकाच्या जागी मुंग्यांचा काळा ढीग. शेषरावांनी सवयीने मोजणी केली.

“धापैकी धा,” ते खचून म्हणाले. “उगवण शंभर टक्के.”

खुर्शीदभाईंनी चष्मा चढवून पुड्याची मागची बाजू नाकाला लावली. “कंपनी झूठ नाई बोलली, भाऊ. साखर नाईच. हे पाहा, बारीक अक्षरात काकवी लिवेल हाये.”

“मंग मले इकलं काऊन बे?”

“मी फक्त पुढचंच वाचलं ना, भाऊ! मलेबी शुगर हाये. मीबी हेच खाऊन राह्यलो.”

सोमवारी दवाखान्याच्या बाकावर दोघे शेजारी बसले आणि दोघेही सुया घेऊन परतले.

घरी शेषराव सुईचा खोका उलटासुलटा करत बसले. जेवण झाले, तरी सदरा वर होईना.

“याच्यावर ‘अजिबात दुखत नाही’ छापेल हाये,” ते शेवटी म्हणाले. “खरं असंन काय वं?”

सुभद्राबाई उठल्या. “गोणपाट आनू काय?”

शेषरावांनी मुकाट्याने सदरा वर केला.