वास माझा, विजय वैद्यसरांचा

आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली की वॉचमन पाटी लावतो : ‘लिफ्ट बंद आहे. जिना वापरा.’ एकदा त्याखाली पेन्सिलीनं बारीक अक्षरांत लिहिलेलं दिसलं : ‘गृहीतक : वाचणाऱ्याला जिना चढता येतो.’

हे आमचे तळमजल्यावरचे वैद्यसर. पनवेलच्या एसटी स्टँडजवळच्या क्लासात त्यांनी बँकेच्या आणि मॅनेजमेंटच्या प्रवेशपरीक्षांना बसणारी मुलं घडवली. विषय एकच. समोरच्यानं न बोलता काय गृहीत धरलंय ते शोधा आणि त्याचा युक्तिवाद खिळखिळा करा. निवृत्त झाले ते फक्त पगारातून.

भाजीवाली म्हणाली, “घ्या काका, आजचीच मेथी हाय, गोड लागंल.”

“ताजी ती गोड, हे तुम्ही धरून चाललात.”

“काका, मेथी घेताव का परीक्षा घेताव?”

एका लग्नात कुणी म्हणालं, “दोघांच्या आवडी जुळतात, संसार सुखाचाच होणार.” सर जिलबी खाली ठेवून म्हणाले, “हे विधान कमकुवत करणारे तीन पर्याय माझ्याकडे आहेत.” त्यानंतर त्यांना बोलावणी येईनाशी झाली. लोक टाळू लागले. मी मात्र रोज संध्याकाळी त्यांच्याकडे चहाला जायचो. माझ्या बोलण्यात दडलेलं काही नसतं, अशी माझी समजूत होती.

गेल्या वर्षी करंजाच्या कोळीवाड्यातून सुनंदा आणि तिचा नवरा लेकीच्या शाळेसाठी पहिल्या मजल्यावर भाड्यानं आले. काही दिवसांत जिन्यात वास सुटला. माशांचा. माझं नाक वयानं कामातून गेलेलं. पण मी सोसायटीचा सेक्रेटरी. इतरांच्या नाकावर भरवसा ठेवून, सुनंदाच्या कुटुंबानं जागा सोडावी असा ठराव मीच लिहिला.

पार्किंगमध्ये सभा भरली. सुनंदा उभी राहिली. “आवो, आमी हितं मासली सुकवतच नाय. लेकीची शाला चालू हाय. मधेच कुठं जाव आमी?”

चौथ्या मजल्यावरचे शेट्ये म्हणाले, “हे आले आणि वास आला. त्यात कोळी. आणखी काय पुरावा हवा?”

वैद्यसरांचा चेहरा उजळला. “शाबास, शेट्ये! परीक्षेत घालावा असा युक्तिवाद. गृहीतक : वासाला दुसरं कारणच नाही. आता खिळखिळा करू. शिमग्याला ही मंडळी आठवडाभर करंजाला होती. वास गेला?”

“छे, उलट वाढला,” मागून कुणीतरी बोललं.

“शेट्ये, वास यांच्या दाराशी जास्त की तुमच्या?”

“आमच्या.”

“आणि गच्चीच्या दाराशी?”

“तिथं तर उभं राहवत नाही हो!”

तेव्हा कुठं मला आठवलं. त्या दारामागे माझ्या गुलाबांच्या खताचं पोतं होतं. माशाचं खत. नर्सरीवाला म्हणाला होता, फुलं बशीएवढी होतील. झालीही होती.

“मग वास कुणाचा ते सांगा ना!” शेट्ये चिडले.

सरांनी सगळ्यांकडे पाहिलं, मला सोडून. “प्रश्न नीट वाचा. युक्तिवाद पाडायला चोर पकडावा लागत नाही. दुसरी शक्यता दाखवली की गुण मिळतात.”

ठरावाच्या बाजूनं एकही हात वर झाला नाही. शेट्यांचासुद्धा. टाळ्यांनी पार्किंग दणाणलं. मी घाईघाईनं ठरावाचा कागद फाडला, तर लोक म्हणाले, “सेक्रेटरी असावा तर असा!” अजूनही म्हणतात. म्हणून हे लिहितोय.

सुनंदाला परवा सगळं सांगितलं. ती कपाळाला हात लावून हसत सुटली. “अरे देवा! नि मी माझंच घर रोज फिनेलनं पुसत व्हते!”

सभेच्या दुसऱ्या दिवशी मी पोतं हलवलं आणि संध्याकाळी सरांचं दार वाजवलं. टेबलावर दोन कप मांडलेले होते.

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हणालो. “नाव का नाही घेतलंत?”

“घेतलं असतं, तर लाजेनं आज आला नसतात.” त्यांनी एक कप माझ्याकडे सरकवला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, “मी एकटा राहतो. सकाळी दूध मात्र दोघांपुरतं घेतो. गृहीतक ओळखा.”