कुसुमताईंचे जंगली घोडे

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुसुमताई काठाळे घोड्यांचा अपमान करतात. घमापुरातल्या आमच्या गल्लीतून वरात निघाली की बाकीचे लोक नवरदेव बघतात. ताई गॅलरीतून घोडीकडे बघतात आणि म्हणतात, "हिला घोडी म्हणून राहिले लोक. बँडच्या तालावर चालते ती."

ताई रेल्वेच्या चौकशी खिडकीवर होत्या. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी कोणी काही विचारलं की आधी त्याची लाज काढतात, मग बिनचूक उत्तर देतात, आणि लगेच "पुढचा" म्हणतात. पुढे कोणी उभं नसलं तरी. बँकेतल्या बदलीमुळे मी साताऱ्याहून इथे हिंदी मुलखात आले, तेव्हा जिन्यात विचारलं होतं, पाणी किती वाजता येतं? "नळाला विचारा," म्हणाल्या. मग वेळ सांगितली. मग "पुढचा."

घोड्यांचं वेड त्यांना खिडकीवरच लागलं. कोणी एक प्रवासी जगभरच्या घोड्यांचं जाडजूड पुस्तक तिथे विसरून गेला. तो परत येईल म्हणून ताईंनी ते वर्षभर सांभाळलं. तो आला नाही. मग त्यांनी वाचायला घेतलं, आणि एकेक घोडा त्यांच्या मनातून उतरत गेला.

माझ्या दहा वर्षांच्या मिहिकाला शाळेच्या प्रदर्शनासाठी 'जगातले जंगली घोडे' हा विषय मिळाला. तिने आयाळ उडवत धावणाऱ्या एका घोड्याचं चित्र छापून आणलं. मी तिला वर घेऊन गेले. ही माझी चूक.

"आजी, ये मस्टँग है. वाइल्ड," मिहिका म्हणाली.

ताईंनी चष्मा लावला. "हा शॅम्पूच्या जाहिरातीतला आहे. जंगलात याचे केस कोण धुऊन देते?" चित्र बाजूला गेलं. "आणि मस्टँग जंगली नाहीच. पळालेला आहे. स्पेनच्या लोकांनी जहाजातून अमेरिकेत नेले घोडे, तिथून सुटले. ऑस्ट्रेलियातले ब्रम्बी? गोऱ्यांनी नेले, काम झालं, सोडून दिले. आफ्रिकेत नामिबच्या वाळवंटातले? तेही सुटलेलेच. आसामात नदीच्या बेटांवर आहेत, ती फौजेच्या घोड्यांची नातवंडं. घर सुटलं म्हणून कोणी जंगली होते काय?"

"तो असली कौन है?"

"ताखी. मंगोलियाचा. शास्त्रज्ञ त्यावरही भांडून राहिले, भांडू दे."

पुस्तकातला ताखी ठेंगणा, पोट सुटलेला. मानेवरचे केस ब्रशासारखे उभे, कपाळावर बटसुद्धा नाही. मिहिकाचा चेहरा पडला. "ये तो गधे जैसा है."

"तू सकाळी उठल्यावर कशी दिसते?"

चार संध्याकाळी हा तमाशा चालला. मिहिका ताखीचं चित्र काढायची; रंग चुकला की ताई म्हणत, "हा घोडा आहे की आंब्याची फोड?" मी दोनदा मुलीला उठवून खाली आणायला निघाले. मिहिका उठली नाही.

शेवटच्या दिवशी ताईंनी ताखीची गोष्ट सांगितली. रानातले सगळे ताखी संपले. थोडेसे प्राणिसंग्रहालयांत उरले होते. पुढे त्यांची पोरं-नातवंडं पेट्यांत घालून मंगोलियाला नेली आणि माळावर सोडली.

"पर वो तो पिंजरे में पैदा हुए थे," मिहिका म्हणाली. "उनको कैसे पता चला, क्या करना है?"

ताईंनी पुस्तक मिटलं. "नसेल कळलं," म्हणाल्या. "पहिल्या दिवशी नुसते उभे राहिले असतील."

प्रदर्शनाला ताई न बोलावता आल्या. परीक्षकांनी ताखीपुढे अर्धं मिनिटही घालवलं नाही. पहिला नंबर मिळाला थर्माकोलच्या पांढऱ्या घोड्याला, त्याला चमकीचे पंख होते. "पंखवाल्याला बक्षीस," ताई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "पुढच्या वर्षी चाकंवाल्याला देतील." रडायला आलेली मिहिका हसली. मी दोघींना घेऊन मुकाट्याने बाहेर पडले.

त्यानंतर मिहिका वर गेली नाही. प्रदर्शन संपलं होतं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात कुसुमताई. अंगावर इस्त्रीची साडी. सहा वर्षांत त्यांनी आमचा उंबरा ओलांडला नव्हता.

"मिहिका आजारी आहे काय?"

"नाही, खाली खेळतेय."

"अच्छा." त्या तिथेच उभ्या राहिल्या. "कच्छची रानगाढवं राहिली होती सांगायची. विषय अर्धा काहून सोडला तुम्ही?"

मी त्यांना आत बसवलं. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या. टोमणा येईल म्हणून मी वाट बघत होते. पंख्याकडे बघून त्या म्हणाल्या, "चार दिवस दार उघडंच ठेवून राहिली होती मी. म्हटलं, येईल."

मी ओट्यावरची मटारची पिशवी उगीच इकडची तिकडे केली. ताईंनी हात पुढे केला.

"पनागरच्या मळ्यांतला दिसतो. द्या इकडे. थाळी पण द्या."

आणि त्या सोलायला बसल्या. हळूहळू, एक दाणाही खाली न पाडता. अर्ध्या तासाने मिहिका धापा टाकत आत आली, त्यांना बघून दारातच थबकली आणि मग जोरात म्हणाली, "आजी, रानगाढवं!"

"हात धू आणि बस इथं," ताईंनी खुर्ची सरकवून तिला जागा केली. "घाई काय आहे? अजून अर्धी पिशवी आहे."